काळ्या वायरला काळी

बसमध्ये कुणी उठून जागा दिली तरी उपासना गजभिये आधी त्या जागेकडे बघायची, मग देणाऱ्याकडे बघायची, आणि मगच बसायची. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावी पीएचडीसाठी आल्यावर प्रयोगशाळेतही तिची हीच ख्याती झाली होती. दुसऱ्या कुणी घेतलेलं माप ती स्वतः पुन्हा घेतल्याशिवाय वापरायची नाही. तिचे गाइड याला शिस्त म्हणत. तिची रूममेट अंतरा याला रोग म्हणायची.

हा स्वभाव काही तिचा जन्मापासूनचा नव्हता. नागपूरच्या इंदोऱ्यात ती वाढली, तिथे दिवसा कुणाच्या दाराला कडी नसायची आणि शेजारच्या घरी जेवून आलं तरी घरचे विचारत नसत. पुण्याला एम.टेक.ला गेली तेव्हा एक खोली पसंत पडली. मालकीणबाईंनी चहा दिला, खिडकीतून दिसणारा बहावा दाखवला, पडदे कसले लावायचे तेसुद्धा बोलून झालं. मग बाईंनी पूर्ण नाव विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, गावाहून भाचा राहायला येतोय, खोली देता येणार नाही. पुढे बऱ्याच दिवसांनी उपासना मुद्दाम त्या गल्लीतून गेली. फाटकावर ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशी पाटी तशीच होती. भाचा काही आला नव्हता. तेव्हापासून कुणी गोड बोलायला लागलं, की तिचे कान त्याच्या पुढच्या प्रश्नाकडे लागलेले असायचे.

कांचनकाकूंनी तो प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला.

गावात आपलं सामान मिळणारं दुकान एकच, आणि तिथून बसथांबा चांगलाच लांब. त्या दिवशी बर्फ पडून गेलं होतं. उपासना तांदळाची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत चालली होती, तेवढ्यात शेजारी एक गाडी थांबली. आत साठी ओलांडलेल्या, केस बारीक कापलेल्या एक बाई.

“मराठी ना गं तू? दुकानात फोनवर बोलत होतीस ते ऐकलं मी. बस, सोडते.”

गाडी चालू झाल्यावर नाव विचारून झालं.

“उपासना. छान. पुढे?”

“गजभिये.”

काकू क्षणभर थांबल्या. समोरचा सिग्नल लाल होता, त्यामुळेही थांबल्या असतील. “म्हणजे नागपूरकडची का?”

“हो.”

“मराठी मंडळात कधी दिसली नाहीस ती?”

“मी नाही येत.”

“बरं,” काकू म्हणाल्या, आणि उरलेला रस्ता थंडीबद्दल बोलत राहिल्या.

अंतराला हे सांगितलं तर ती उडालीच. ती ठाण्याची, मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला जाणारी. “कांचन करंदीकर? अगं, फार भारी माणसं आहेत ती, यार. काका इलेक्ट्रिकल इंजिनीअर, मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात जन्म घालवला. इथल्या अर्ध्या मराठी घरांचे हीटर त्यांनी रिपेअर केलेत. पण सध्या दोघंही कुठे दिसत नाहीत. दिवाळीलाही नव्हते.”

त्यानंतर दर शनिवारी सकाळी उपासनाला दुकानात काकू भेटायला लागल्या. कधी घरापर्यंत सोडायच्या, कधी डब्यातून भाजी द्यायच्या. घरी मात्र कधी बोलावलं नाही. उपासनाने त्याची मनात नोंद घेतली. मग एके दिवशी काकूंनी विचारलं, “आमची दुसरी गाडी द्यायची आहे. जुनी आहे, पण यांच्या हातची. तुला हवीय का?” आणि अगदी किरकोळ किंमत सांगितली.

इतकी किरकोळ, की उपासनाने आठवडाभर उत्तरच दिलं नाही. एवढी ओळखीपाळखीची माणसं असताना, मंडळातली पोरं सेकंडहँड गाड्या शोधत फिरत असताना, काकूंना तीच का सापडली? शेवटी बसची वाट बघून बधिर झालेल्या पायांनीच हो म्हटलं. कागद करायच्या दिवशी काकूंची घाई चालली होती. चावी हातात देताना म्हणाल्या, “यांनी कालच सगळं तपासलंय. मागचा ऑक्सिजन सेन्सर गेला होता, तोही नवीन घातला. आता काळजी नाही.” वरच्या खिडकीत एक उंच, पांढऱ्या केसांचा माणूस उभा होता. उपासनाने हात केला. त्याने केला नाही.

आठवडा संपायच्या आत चेक-इंजिनचा पिवळा दिवा लागला.

महिनाअखेरीला गाडीचं इन्स्पेक्शन होतं, आणि दिवा लागलेला असला तर धुराच्या तपासणीत गाडी नापास होते. उपासना कँपसजवळच्या एका छोट्या गॅरेजात गेली. तिथली मेकॅनिक लॉरा, हाताला ग्रीस आणि कानाला पेन्सिल. तिने गाडी लिफ्टवर चढवली, सायलेन्सरच्या पाइपमधून मागचा सेन्सर काढला, पुढच्या सीटखालच्या गालिच्यातून त्याचा प्लग ओढला आणि सगळी शेपटी उपासनापुढे धरली. बोटाएवढा धातूचा सेन्सर, त्यातून निघालेल्या चार वायरी, मध्ये जोड, आणि जोडाच्या पलीकडे गाडीच्या मूळ प्लगच्या चार वायरी.

“हा जोड बघ,” लॉरा म्हणाली. “प्रत्येक वायर वेगळ्या लांबीवर तोडलीय, म्हणजे एकमेकींना घासणार नाहीत. प्रत्येकीवर वेगळी नळी, गरम करून आवळलेली. माझ्याकडच्या माणसांनाही इतकं सुबक जमत नाही.”

“मग?”

“मग जोडलंय चुकीचं. सेन्सरच्या दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी त्याच्या ग्राउंडची. पण तुझ्या गाडीच्या प्लगवर रंग वेगळे आहेत. तिथे दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नल, पांढरी ग्राउंड. ज्याने केलं त्याने काळीला काळी जोडली, पांढरीला पांढरी, आणि उरलेल्या उरलेल्यांना. म्हणजे हीटरचे बारा व्होल्ट थेट नाजूक सिग्नलवर. सेन्सर मेला.” ती जरा थांबली. “विचित्र आहे. ज्याला इतकं चांगलं जोडता येतं, त्याला काय कशाला जोडायचं हे माहीत नसेल?”

उपासनाच्या मनात तोच प्रश्न घट्ट बसला. अडाण्याने केलं असतं तर चूक म्हणून सोडून देता आलं असतं. पण जन्मभर मोजमापाची यंत्रं बनवलेल्या माणसाने अशी चूक करायची? म्हणजे चूक नव्हती. बिघडलेली गाडी आहे तशी गळ्यात मारायची, वर नवीन पार्ट घातल्याचं दाखवायचं. मंडळात कुणाला विकली असती तर चार लोकांत बोभाटा झाला असता. गजभिये आडनावाची मुलगी कुणाकडे जाऊन ओरडणार?

लॉरा म्हणाली, प्लगसकट तयार सेन्सर मागवायचा तर बरेच आठवडे लागतील. साधा सेन्सर लगेच मिळेल, तो जुन्या प्लगला जोडावा लागेल. “मी जोडून देऊ?”

“नको,” उपासना म्हणाली. “जोडीन मी. तुम्ही फक्त बसवून द्या.” लॉराने पाइपातलं भोक तात्पुरतं बुजवलं. जुना सेन्सर, चुकीच्या जोडासकट, तिने पिशवीत घातला. पुरावा म्हणून.

संध्याकाळी अंतराने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. “शक्यच नाही, यार. करंदीकरकाका फसवणार नाहीत.”

“तुला नाही फसवणार.”

अंतरा उठून चहा टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी उपासना करंदीकरांच्या दारात उभी राहिली. काकूंनी दार अर्धंच उघडलं.

“काकू, काकांशी दोन मिनिटं बोलायचं होतं. त्या सेन्सरबद्दल.”

काकूंचा चेहरा उतरला. “हे झोपलेत.”

आणि त्याच वेळी बाजूच्या गॅरेजमधून खोकल्याचा आवाज आला, मग हातोडीचा. दोघींनीही ऐकला.

“सेन्सरचं काही असेल तर,” काकूंनी आवाज खाली आणला. “तू चांगल्या गॅरेजात टाक, खर्च मी देते. नाहीतर गाडीच परत दे, मी घेते. पण हे बघ, कुणाला बोलू नकोस याबद्दल. अंतरालासुद्धा नको.”

दार बंद झालं. उपासना पायऱ्या उतरली तेव्हा तिच्या मनात शंकेला जागाच उरली नव्हती. निर्दोष माणूस काय बिघडलंय ते आधी विचारतो. ही बाई गप्प बस म्हणून विनवत होती.

काकू शनिवारी सकाळी दुकानात असतात हे तिला माहीत होतं. ती वेळ तिने मुद्दाम निवडली. नवा सेन्सर, लॅबमधून मागून आणलेला मल्टिमीटर आणि पुराव्याची पिशवी घेऊन ती गाडीने करंदीकरांकडे गेली. गॅरेजचा दरवाजा वर केलेला होता. भिंतीवरच्या फळीवर हत्यारं टांगलेली, आणि प्रत्येक हत्याराच्या मागे त्याचाच आकार रंगवलेला. टेबलाशी तोच उंच माणूस उभा होता. स्वेटर जाड, चष्मा कपाळावर.

“या, या. आत या, बाहेर गार आहे,” ते म्हणाले.

“मी उपासना. तुमची गाडी मी घेतलीय.”

“हो का? वा! कशी चाललीय?”

तिने उत्तर न देता जुना सेन्सर टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलला आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम जान आली. “तू करतेस काय? शिकतेस?”

“पीएचडी. सिरॅमिक्समध्ये, झिर्कोनियावर.”

“झिर्कोनिया! मग तुला मी काय शिकवणार? याच्या पोटात तेच की.” त्यांनी सेन्सरचं टोक दिव्याकडे धरलं. “एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला स्वच्छ हवा. दोन्हींतल्या ऑक्सिजनचा फरक हा व्होल्टेजमध्ये सांगतो. पण ती स्वच्छ हवा आत येते कुठून, माहीत आहे?”

तिला माहीत नव्हतं, आणि ते कबूल करणं जिवावर आलं.

“या वायरींमधून! तांब्याच्या तारा आणि वरचं आवरण, यांच्यामध्ये इवलीशी फट असते. तिथून हा श्वास घेतो. म्हणून याला कधी सोल्डर करायचं नाही, ग्रीस लावायचं नाही. केलंस की नाक बंद. नुसतं दाबून जोडायचं.”

उपासना ऐकत होती आणि तिचा राग वाढत होता. याला सगळं माहीत आहे. श्वास कुठून घेतो तेसुद्धा.

“काका, या दोन पांढऱ्या कशाच्या?”

“हीटरच्या. थंड असताना हा काम करत नाही, म्हणून आधी तापवायचा.”

“आणि गाडीच्या बाजूला हीटरच्या कुठल्या?”

“या काळ्या दोन. निळी सिग्नल. पांढरी तिच्या अर्थिंगची, ग्राउंडची.” क्षणाचाही विलंब नाही.

“मग हे असं का जोडलंय?”

त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. नखाने एकेक वायर धरून जोडापर्यंत आले. काळीवरून काळीवर. पांढरीवरून पांढरीवर. पुन्हा पहिल्यापासून.

“हे कोणी केलं?”

“तुम्ही.”

“मी?” ते हसले. “मी असं करीन?”

“काकूंनीच सांगितलं, नवीन सेन्सर तुम्ही घातलात.”

हसणं मावळलं. त्यांनी दरवाज्याबाहेर पाहिलं, मग तिच्याजवळ सरकले. “तुला एक सांगतो. हल्ली इथे कुणीतरी येतं. मी नसताना. हत्यारं हलवतं, जागेवर ठेवत नाही. परवा चावी फ्रिजमध्ये मिळाली मला. कांचनला सांगू नकोस, ती घाबरेल.” मग त्यांनी उपासनाकडेच डोळे बारीक करून पाहिलं. “तुला कोणी पाठवलं?”

बनाव करतोय म्हातारा, असं तिच्या मनाने सांगितलं, पण आवाज आधीइतका ठाम नव्हता. माप पुन्हा घ्यायला हवं होतं.

“कुणी नाही पाठवलं, काका. मला नवीन जोडायचाय. दाखवाल का?”

हे ऐकल्यावर ते लगेच निवळले. जुना जोड कापला. प्रत्येक वायरचं टोक सोललं, तांब्याचा एक तंतूही न तुटता. नळ्या आधीच ओवून ठेवल्या. हातांना कंप नव्हता, घाई नव्हती. तोंडाने सांगणं चालूच होतं. “आता सेन्सरच्या पांढऱ्या दोन हीटरच्या, त्या जाणार या काळ्या दोघींना. कुठली कुठे हे इथे चालतं, हीटरला उलटसुलट नसतं...” आणि हे म्हणत असतानाच त्यांच्या बोटांनी सेन्सरची काळी वायर उचलली, प्लगच्या काळीशेजारी आणली, जोडपट्टी सरकवली आणि पक्कडीने दाबली.

उपासनाने त्यांना अडवलं नाही.

त्यांनी पांढरी उचलली आणि थांबले. हातातल्या पांढरीकडे पाहिलं, दाबलेल्या काळीकडे पाहिलं. पक्कड टेबलावर ठेवली. हळूहळू स्टुलावर बसले.

“मी आत्ता काय म्हणालो?”

“पांढऱ्या दोन, काळ्या दोघींना.”

“आणि केलं काय?”

त्यांनी चष्मा काढला आणि स्वेटरच्या टोकाने पुसत बसले. काच स्वच्छच होती.

बाहेर गाडी थांबली. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन काकू गॅरेजच्या तोंडाशी आल्या आणि तिथेच थबकल्या. उपासनाकडे, टेबलावरच्या वायरींकडे, स्टुलावरच्या नवऱ्याकडे त्यांनी आळीपाळीने पाहिलं. त्यांना काही विचारावं लागलं नाही.

“आत चल,” त्या उपासनाला म्हणाल्या.

स्वयंपाकघरात पिशव्या तशाच ओट्यावर राहिल्या. काकू खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. “दिवाळीच्या आधी यांना पोलिसांनी घरी आणलं. शाळेबाहेर गाडी लावून बसले होते दुपारभर. अपर्णाला आणायला. अपर्णा आमची मुलगी. ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला असते, नोकरी करते, तिला स्वतःला शाळेत जाणारी पोर आहे.” त्यांनी ओठ घट्ट मिटले. “त्या दिवशी ठरवलं, यांच्या हातची गाडी काढायची. यांना सांगितलं, एका गरजू मुलीला देतोय. तर म्हणाले, मग नीट करून द्यायला हवी. इतके खूश होते दोन दिवस, मला अडवावंसं वाटलं नाही.”

“डॉक्टरांना दाखवलंत?”

“नाही.”

“अपर्णाताईंना माहीत आहे?”

काकूंनी मान हलवली. नाही.

उपासनाला वाईट वाटत होतं, आणि त्या वाईट वाटण्यात आपण वाहवत जाणार याचीही तिला शंका येत होती. म्हणून तिने आधी विचारायचं ते विचारलं. “मीच का, काकू? मंडळातली एवढी माणसं होती.”

“म्हणूनच. त्यांच्यापैकी कुणाला दिली असती तर प्रश्न आले असते. काका का चालवत नाहीत, काका का भेटत नाहीत. तू कुणाच्यात नाहीस. तुझ्याकडून बातमी फिरली नसती.”

“आणि आडनाव विचारलंत ते?”

बाजूला गॅरेजमध्ये काहीतरी पडल्याचा आवाज झाला. काकूंनी तिकडे कान दिला, मग पुन्हा तिच्याकडे पाहिलं. “विचारलं सवयीने. नागपूरची का, तेही त्या सवयीतलंच. मग लक्षात आलं, की तू आमच्या लोकांत येणार नाहीस, आणि ते माझ्या सोयीचं वाटलं. खोटं कशाला बोलू?”

एवढं सरळ उत्तर उपासनाला अपेक्षित नव्हतं. तिचा संशय खोटा ठरला होता, आणि खराही ठरला होता. गाडी फसवून दिली नव्हती. पण तिला निवडलं होतं ते ती बाहेरची आहे म्हणूनच. कुठल्या गोष्टीवर चिडायचं ते तिला ठरवता येईना, आणि मग एकदम तिला दुसरंच काही सुचलं.

“काकू, तुम्ही म्हणालात, काकांनी सगळं तपासलं. ब्रेकसुद्धा?”

काकूंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. खुर्ची ओढून त्या खाली बसल्या. “देवा रे. हे माझ्या मनातच आलं नाही.”

“मी रोज चालवतेय ती गाडी. अंतराला घेऊन जातेय.”

तिने तिथूनच लॉराला फोन लावला. लॉरा म्हणाली, चालवू नकोस, मी येते. दुपारी ती आली, चारही चाकं काढून बघितली, खाली झोपून बघितलं. काकांनी ब्रेकला हातही लावला नव्हता. सगळं ठीक होतं. तोवर काकू ड्राइव्हवेवर शालीशिवाय उभ्या होत्या, कुणी आत जा म्हटलं तरी हलल्या नाहीत.

“मी कुणाला सांगणार नाही,” लॉरा सामान आवरत असताना उपासना काकूंना म्हणाली. “पण अपर्णाताईंना तुम्ही आज फोन करायचा. माझ्यासमोर.”

काकूंना हे आवडलं नाही, हे दिसत होतं. पोरीच्या वयाच्या मुलीने अट घालावी! पण त्यांनी फोन केला. तिकडून अपर्णा आधी इंग्रजीत ओरडली, मग मराठीत रडली.

लॉरा निघताना म्हणाली, सेन्सर जोडून झाला की फोन कर, उद्या बसवते. उपासना पुन्हा गॅरेजमध्ये गेली. काका अजून टेबलाशीच होते. त्यांनी मघाचा चुकीचा जोड स्वतः कापून टाकला होता.

“हा तुझ्याकडचा मीटर आहे ना?” ते म्हणाले. “मग तू माप. मला रंग सांगू नकोस. रंग ऐकले की हात भलतीकडे जातो.”

मग दोघांनी ते काम केलं. प्लगची कापलेली शेपटी सीटखालच्या सॉकेटमध्ये खोचली. उपासना पुढच्या सीटवर आडवी वाकून मीटरच्या सुया वायरींना लावत होती, काका उघड्या दाराशी उभे. चावी फिरवली. एका वायरवर बॅटरीचे पूर्ण बारा व्होल्ट दिसले.

“हीटरची ही एक,” काका म्हणाले. “तिला चिमटा लाव. चावी बंद कर. आता बॉडीशी धरून बघ, रेझिस्टन्स जवळजवळ शून्य कुठली दाखवते?”

“ही.”

“ही अर्थिंगची. तिला दोरा बांध.”

उरल्या दोन. त्यांतली एक हीटरच्या पहिल्या वायरीच्या जोडीची होती, तिचा माग गॅरेजमधल्या जुन्या मॅन्युअलमधून लागला, आणि चौथी सिग्नलची म्हणून उरली. मग नवा सेन्सर. त्याच्या वायरींत जिथे थोडेसे ओहम दिसले ती हीटरची जोडी, जिथे काहीच दिसलं नाही ती सिग्नल आणि अर्थिंग. तेवढ्या दोघींत कुठली कुठली हे मात्र मीटर सांगेना. सेन्सर थंड होता.

“खोक्यावर चित्र असेल,” काका म्हणाले. “तू वाच. मोठ्याने नको. वायर माझ्या हातात दे.”

तिने करडी दोरा बांधलेल्या वायरीशेजारी धरली. त्यांनी दाबली. पुढची तिने दिली, त्यांनी दाबली. प्रत्येक जोड झाल्यावर ती ओढून बघायची, मीटर लावून बघायची. त्यांना त्याचा राग आला नाही. उलट शेवटच्या जोडाला ती विसरली, तर म्हणाले, “हं? हा नाही तपासलास.”

लॉराने सेन्सर बसवला, दिवा गेला तो गेलाच. महिनाअखेरीला गाडी पास झाली.

पुढचं काही चांगलं नव्हतं. अपर्णा आली, डॉक्टरांना दाखवून झालं, आजाराला नाव मिळालं. काकूंनी मंडळातल्या लोकांना स्वतःच सांगितलं. काही जण डबे घेऊन आले, काही नुसतेच हळहळले. शनिवारी सकाळी काकू दुकानात गेल्या की उपासना काकांपाशी बसायला लागली. काका आता सगळ्यांवर संशय घ्यायचे. पोस्टमनवर, डबे आणणाऱ्यांवर, कधी काकूंवरही. उपासनाला मात्र ते कामाला लावायचे. जुना रेडिओ उघडून समोर ठेवायचे आणि म्हणायचे, माप.

“मग आता बसला ना काकूंवर विश्वास?” अंतराने एकदा विचारलं.

“नाही,” उपासना म्हणाली. “पण त्या विचारलं तर खरं सांगतात.”

उन्हाळ्यात घर विकलं गेलं. बेलव्ह्यूला निघायच्या दिवशी विमानतळावर उपासनानेच सोडलं. काका पुढे बसले होते. गाव मागे पडेपर्यंत ते नुसते इंजिनाचा आवाज ऐकत होते. मग म्हणाले, “ही गाडी कुणाची?”

“माझी, काका.”

“नीट ठेवलीय,” ते म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड करून झोपले. मागच्या सीटवर काकूंनी पर्समधून रुमाल काढला. उपासनाने आरशात एकदा पाहिलं आणि रस्त्याकडे नजर वळवली.